वाक्य पुरं होण्याआधी

विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीची बैठक चालू आहे. सातवीच्या मुलांनी पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून वाफेवर फिरणारी चक्री तयार केली आहे. ती प्रदर्शनात मांडावी की नाही, यावर बोलणं चाललं आहे. विज्ञानाच्या बाई सांगू लागतात, "चक्री मांडायला माझी हरकत नाही, पण त्या डब्याच्या झाकणाला..." एवढ्यात शेजारी बसलेले सर उत्साहानं म्हणतात, "हो हो, चक्री तर हवीच! दाराशीच मांडू. पाहुणे आत आले की आधी तीच दिसेल." मग दाराशी कुठलं टेबल ठेवायचं, तिथे कोणती मुलं उभी करायची, याची चर्चा सुरू होते. बाई दोनदा तोंड उघडतात आणि दोनदा मिटतात. बैठक संपते.

बाईंचं राहून गेलेलं वाक्य असं होतं : "...झाकणाला वाफ निघायला एकच बारीक भोक आहे, ते बुजलं तर डबा फुटेल. दुसरं भोक पाडल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नये."

हा प्रसंग आम्ही समजुतीसाठी रचला आहे. पण असे सर (किंवा अशा बाई) प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. आपलं वाक्य सुरू होतं आणि ते त्यांच्या तोंडून संपतं. त्यांच्याबद्दल आपण घरी जाऊन तक्रार करतो, 'स्वभावच तसा' म्हणून सोडून देतो, किंवा हळूहळू बैठकीत बोलणंच बंद करतो. या तिन्हींनी झाकणाला दुसरं भोक काही पडत नाही. म्हणून या स्वभावामागे काय घडत असतं ते आधी समजून घेऊ आणि मग उपायांकडे वळू.

बोलण्याची पाळी कशी ठरते?

चार माणसं गप्पा मारत बसली की कुणी कधी बोलायचं हे कोण ठरवतं? तिथे अध्यक्ष नसतो, घंटा नसते. तरीही बहुतेक वेळ एका वेळी एकच माणूस बोलत असतो आणि पाळ्या सारख्या बदलत असतात. हे कसं जमतं याचा पद्धतशीर अभ्यास हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी केला. खऱ्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुन्हापुन्हा ऐकून त्यांनी १९७४ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले.

त्यांचे नियम अगदी साधे आहेत. बोलण्याचा एक तुकडा, म्हणजे एखादं वाक्य किंवा अर्थ पुरा करणारा वाक्यांश, संपत आला की पाळी बदलण्याची जागा येते. तिथे बोलणाऱ्यानं पुढच्याची निवड केली असेल ("काय सर, तुम्हाला काय वाटतं?") तर तो बोलतो. निवड केली नसेल तर जो आधी सुरुवात करील त्याची पाळी. कुणीच सुरुवात केली नाही तर आधीचाच माणूस पुढे बोलू शकतो.

यातला दुसरा नियम नीट पाहा. 'जो आधी सुरुवात करील त्याची पाळी', म्हणजे ही एक शर्यतच झाली. शर्यत जिंकायची असेल तर शिट्टी वाजायच्या क्षणीच पळायला हवं. आणि असं पळताना काही जण शिट्टीच्या आधीच सुटणार, हेही ओघानं आलंच.

एक पंचमांश सेकंद

ही शर्यत किती चुरशीची असते? तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या दहा भाषांमधली संभाषणं तपासली. त्यांत इंग्रजी, जपानी, डॅनिश, कोरियन अशा मोठ्या भाषा होत्या, तशा मेक्सिको, नामिबिया आणि पापुआ न्यू गिनीमधल्या लहान समाजांच्या भाषाही होत्या. होय-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला. सगळ्या भाषांची सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा भाग! जपानी भाषकांची सरासरी सर्वांत कमी, जवळजवळ शून्यच होती. डॅनिश भाषकांची सर्वांत जास्त होती, पण तीही अर्ध्या सेकंदाच्या आतच.

आता दुसरा आकडा पाहा. एखाद्या वस्तूचं चित्र दाखवून तिचं नाव विचारलं, तर चित्र दिसल्यापासून तोंडातून शब्द फुटेपर्यंत साधारण ६०० मिलिसेकंद जातात. शब्द आठवायचा, त्याचे उच्चार जुळवायचे, जिभेला आणि ओठांना आज्ञा द्यायच्या, या सगळ्याला एवढा वेळ लागतो. हे फक्त एका शब्दाचं. पुरं वाक्य जुळवायला याहून जास्त वेळ लागतो.

उत्तराची तयारी करायला ६०० मिलिसेकंद हवेत, आणि उत्तर मात्र २०० मिलिसेकंदांत येतं. हे गणित कसं सुटतं? समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच आपण आपलं वाक्य जुळवायला लागलेलो असतो, असं मानलं तरच ते सुटतं. म्हणजे ऐकता ऐकता आपण दोन गोष्टी करत असतो. समोरच्याचं वाक्य कुठे आणि कसं संपणार याचा अंदाज बांधत असतो, आणि त्याच वेळी आपलं उत्तर तयार ठेवत असतो.

हा अंदाज आपण कशावरून बांधतो? नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना संभाषणातली सुटी वाक्यं ऐकवली आणि वाक्य संपेल असं वाटेल त्या क्षणी बटण दाबायला सांगितलं. आवाजातला चढउतार काढून टाकून सपाट केलेली वाक्यंही लोकांनी जवळपास तितक्याच अचूकपणे ओळखली. पण चढउतार तसाच ठेवून शब्द न कळण्यासारखे केले, तेव्हा मात्र अंदाज चुकू लागले. थोडक्यात, वाक्याचा शेवट आपण मुख्यतः शब्द आणि वाक्यरचना यांवरून आधीच ताडतो.

तेव्हा मधेच बोलणारे सर इतरांपेक्षा काही वेगळंच करतात असं नाही. सगळेच जे करतात ते सर जरा लवकर आणि जास्त खात्रीनं करतात. 'चक्री मांडायला माझी हरकत नाही' एवढं ऐकून त्यांना पुढचं सगळं कळल्यासारखं वाटलं. 'पण'च्या पुढे काय येणार, हे मात्र त्यांना ताडता आलं नाही.

निकाल शेवटी लागतो

मराठीत ही चूक जास्त महागात पडू शकते. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागे. "उद्याच्या सहामाहीच्या बैठकीला मी मुख्याध्यापकांना विचारून येणार..." इथपर्यंत ऐकून जो उठला, त्याला पुढे 'आहे' होतं की 'नाही' हे कळलेलंच नसतं. "मुलांना तिकडे एकटं पाठवायला" आणि "हरकत नसावी" यांच्यामध्ये जो बोलला, त्यानं निकाल लागायच्या आतच न्यायालय सोडलं म्हणायचं. क्रियापद शेवटी येणाऱ्या जपानी भाषेतही पाळ्या झटकन बदलतात, हे आपण पाहिलंच. म्हणजे अंदाज सहसा जमतो. पण जेव्हा चुकतो, तेव्हा वाक्याचा अर्थ उलटाच होऊन बसतो.

कुणाचाही दोष नसताना

वेळेचा हा खेळ किती नाजूक असतो, याचं एक उदाहरण वर्गात गणित म्हणूनही देता येईल. परदेशी फोन जेव्हा भूस्थिर उपग्रहामार्फत जोडले जात, तेव्हा दोन्हीकडची माणसं सारखी एकमेकांच्या बोलण्यात घुसत. उपग्रह असतो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाजाचा संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर अंतर होतं. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे लागलेला वेळ ०.२४ सेकंद. प्रश्न जायला एवढा आणि उत्तर परत यायला एवढा, असे मिळून जवळजवळ अर्धा सेकंद.

अर्धा सेकंद तो काय! पण जिथे कान २०० मिलिसेकंदांत उत्तराची अपेक्षा करतो, तिथे अर्धा सेकंद म्हणजे मोठी शांतता. समोरचा गप्पच आहे असं वाटून आपण पुन्हा बोलायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच त्याचं उत्तर येऊन पोचतं. दोघंही थांबतात, मग दोघंही एकदमच पुन्हा सुरू करतात. आजच्या संगणकावरच्या बैठकांतही संदेश उशिरा पोचला की हाच गोंधळ होतो. यात उद्धट कुणीच नसतं. चूक फक्त वेळेची असते.

माणसामाणसांतही असा वेळेचा फरक असतो. भाषाभ्यासक डेबोरा टॅनन यांनी १९७८ साली कॅलिफोर्नियात मित्रमंडळींच्या एका जेवणातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. जेवायला न्यूयॉर्कचे, कॅलिफोर्नियाचे आणि इंग्लंडचे असे लोक होते. न्यूयॉर्कवाल्यांना एकमेकांच्या बोलण्यात बोलणं मिसळणं म्हणजे आपुलकी आणि रस दाखवणं वाटत होतं. बाकीचे बोलण्यासाठी थोड्या शांततेची वाट पाहत होते, आणि ती शांतता काही येत नव्हती. एकाला वाटावं, 'हे बोलूच देत नाहीत', आणि दुसऱ्याला वाटावं, 'हे काही बोलतच नाहीत'!

चार प्रकारचं मधे बोलणं

म्हणून मधेच बोलणाऱ्या सहकाऱ्याला सामोरं जाण्याआधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायला हवं. आम्ही सोयीसाठी चार प्रकार करतो.

पहिला प्रकार हुंकाराचा. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतोच. "हं", "बरं", "काय सांगता!", "हो ना" हे शब्द मधे येतात, पण पाळी हिसकावून घेत नाहीत. उलट, पुढे बोला असं सांगतात. काहींचे हुंकार चांगले वाक्यभर लांब असतात, एवढंच.

दुसरा प्रकार चुकलेल्या अंदाजाचा. वाक्य संपलं असं वाटून सुरुवात झालेली असते. असा माणूस चूक कळताच बहुधा स्वतःच थांबतो.

तिसरा प्रकार विसरण्याच्या भीतीचा. आपण एका वेळी फार थोड्या गोष्टी डोक्यात धरून ठेवू शकतो. ऐकताना सुचलेला मुद्दा पुढचं ऐकेपर्यंत निसटेल अशी धास्ती वाटते, म्हणून तो आधी बोलून टाकला जातो.

चौथा प्रकार सत्तेचा. 'माझं बोलणं तुमच्यापेक्षा महत्त्वाचं', हे इथे गृहीत असतं. वरिष्ठ कनिष्ठांच्या, कायम असलेले तात्पुरत्या शिक्षकांच्या, पुरुष बायकांच्या बोलण्यात घुसतात, पण उलट मात्र घडत नाही. डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या काही संभाषणांची नोंद प्रसिद्ध केली. स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या ११ संभाषणांत दुसऱ्याचं बोलणं ४८ वेळा तोडलं गेलं होतं, आणि त्यांपैकी ४६ वेळा ते पुरुषानं तोडलं होतं. नमुना अगदी लहान होता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका ठळक दिसला असंही नाही. पण आपल्या बैठकीत कोण कुणाचं बोलणं तोडतं, हे मोजून पाहावं एवढं मात्र त्यावरून नक्की सुचतं.

पुरं ऐकायला किती वेळ जातो?

मधे बोलणाऱ्यांचं नेहमीचं समर्थन असतं, "सगळ्यांचं पुरं ऐकत बसलो तर दिवस जाईल." हे खरं आहे का, ते दवाखान्यात मोजून पाहिलेलं आहे.

बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलत होते. सुरुवातीचं म्हणणं पुरं करता आलं ते फक्त १७ भेटींत. यातली अडचण अशी, की रुग्ण जी तक्रार पहिल्यांदा सांगतो तीच सर्वांत महत्त्वाची असते असं नाही. १९९९ साली याच प्रकारचा अभ्यास दुसऱ्या गटानं केला. तेव्हा हा वेळ २३ सेकंद भरला. पण आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना म्हणणं पुरं करू दिलं त्यांना, मधे तोडलेल्यांपेक्षा सरासरी फक्त ६ सेकंद जास्त लागले होते. स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात २००२ साली डॉक्टरांनी ठरवून मधे न बोलता ऐकलं, तेव्हा रुग्णांचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपलं.

तोडून वाचतात ती ही सहा सेकंदं. त्या बैठकीत बाईंचं उरलेलं वाक्य म्हणायलाही फार तर दहा सेकंदं लागली असती.

मग करायचं काय?

उपाय प्रकाराप्रमाणे बदलतात. हुंकार देणाऱ्यापुढे थांबू नये, बोलत राहावं. त्याला तेच हवं असतं.

ज्याचा अंदाज चुकतो, त्याला आपल्या बोलण्याची लांबी आधीच सांगावी. "मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली चक्रीच्या जागेची, दुसरी डब्याच्या धोक्याची." आता पहिलं वाक्य संपलं तरी पाळी बदलण्याची जागा आलेली नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं. शिवाय महत्त्वाचा मुद्दा 'पण'च्या पलीकडे ठेवू नये. "हा डबा फुटू शकतो" हे वाक्य आधी, आणि चक्रीचं कौतुक मागून.

तरीही कुणी मधे आलंच तर लगेच गप्प होऊ नये आणि आवाजही चढवू नये. दोघं एकदम बोलू लागले की बहुतेक वेळा एकदोन अक्षरांतच कुणीतरी माघार घेतो, असं शेग्लॉफ यांना आढळलं होतं. तेवढा क्षण शांतपणे, त्याच सुरात बोलत राहिलं तर बरेचदा वाक्य पुरं करता येतं.

विसरण्याची भीती असलेल्या सहकाऱ्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवावी. मुद्दा कागदावर उतरला की तो डोक्यात धरून ठेवावा लागत नाही. हा उपाय बैठकीत सगळ्यांसाठीच केला, तर कुणा एकाला टोचतही नाही.

सत्तेच्या प्रकारात मात्र एकट्यानं लढणं अवघड असतं. तिथे बैठकीची पद्धत बदलावी लागते. प्रत्येकानं क्रमानं बोलायचं, एक फेरी पुरी झाल्याशिवाय दुसऱ्यांदा बोलायचं नाही. आणि सर्वांत सोपं म्हणजे, ज्याचं बोलणं तुटलं त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बोलायचं : "थांबा सर, बाईंचं वाक्य राहिलं होतं. काय म्हणत होता बाई, झाकणाचं?" स्वतःसाठी हे म्हणायला संकोच वाटतो. दुसऱ्यासाठी म्हणायला तेवढा वाटत नाही.

एवढं करूनही सवय सुटत नसेल तर त्या सहकाऱ्याशी एकट्यानं, चारचौघांत नव्हे, बोलावं. "तुम्ही नेहमीच मधे बोलता" असं म्हटलं की समोरचा 'नेहमी' या शब्दावरच वाद घालतो. त्यापेक्षा घडलेली एकच गोष्ट सांगावी. "सर, काल बैठकीत मी डब्याबद्दल सांगत होते, ते अर्धंच राहिलं. त्यात मुलांना धोका होता. यापुढे माझं पुरं होईपर्यंत थांबाल ना?" बहुतेकांना आपण असं करतो याची कल्पनाच नसते.

आणि आपला तास?

हे सगळं वाचून आम्ही आमच्या सहकाऱ्यांची मोजणी करायचं ठरवलं. तालीम म्हणून आधी आपल्याच एका तासाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून ऐकलं. मग मात्र सहकाऱ्यांबद्दल बोलायची आमची हिंमत जरा कमीच झाली. मूल "सर, पाणी तापल्यावर त्याचे कण..." म्हणतं, आणि आम्ही लगेच म्हणतो, "बरोबर! दूर जातात. म्हणजे काय होतं?" वाक्य मुलाचं, शेवट आमचा. त्या मुलाला 'दूर जातात' म्हणायचं होतं की 'मोठे होतात', हे आम्हाला आता कधीच कळणार नाही. 'मोठे होतात' ही मुलांची अगदी नेहमीची चुकीची समजूत आहे. आम्ही ती ऐकलीच नाही, तर दुरुस्त कशी करणार?

अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती तपासल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबत, आणि मुलाचं उत्तर आल्यावरही सेकंदाच्या आत स्वतः बोलू लागत. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. ज्यांना शिक्षक मागे पडलेली समजत होते, ती मुलंही बोलू लागली. उत्तरानंतरचं थांबणं तर विशेष उपयोगी ठरलं. मुलाला वाटतं आपलं संपलं, पण शांतता तशीच राहिली की ते पुढे आणखी एक वाक्य बोलतं, आणि बरेचदा तेच खरं विचारांचं वाक्य असतं.

करून पाहा

येत्या बैठकीत सगळ्यांच्या संमतीनं एकानं नोंद ठेवावी. कागदावर सगळ्यांची नावं उभी लिहावी. कुणी दुसऱ्याचं वाक्य तोडलं की त्याच्या नावापुढे एक रेघ मारावी, आणि ज्याचं तोडलं त्याच्या नावापुढे एक टिंब. तुटलेलं वाक्य नंतर पुरं झालं तर टिंबाला गोल करावा. हुंकार मोजू नयेत. शेवटी कागद सगळ्यांसमोर ठेवावा, कुणावरही टीका करू नये. गोल न झालेली टिंबं किती आणि कुणाच्या नावापुढे, एवढंच पाहावं.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन आपल्या तासाचं ध्वनिमुद्रण ऐकावं. आणि वर्गात प्रश्न विचारल्यावर, तसंच उत्तर मिळाल्यावरही, मनातल्या मनात तीन अंक मोजावेत. पहिल्या दिवशी ती तीन सेकंदं फार लांब वाटतील. आम्हालाही वाटली.

बाईंचं वाक्य ऐकून झालं असेल, तर आता सातवीच्या त्या डब्याच्या झाकणाला दुसरं भोक पाडून घ्या. मग चक्री दाराशी मांडायला काहीच हरकत नाही.